घागरीचं तोंड

"घाई न्हाई, पण तिला लावून द्या."

सासूबाई माझ्याशी फोनवर शेवटचं बोलल्या ते एवढंच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आई म्हणाल्या, घाई नाही." पुढचं गिळून टाकलं. नंतर कितीतरी महिने मी या गोष्टीला निरनिराळी नावं देऊन पाहिली. निरोप अर्धा राहिला, मी ताणात होतो, तिच्याच भल्यासाठी केलं. पण मी खोटं बोललो होतो. आणि त्या खोट्यावर माझ्या बायकोनं सबंध वर्ष आपलं दुःख उभं केलं.

तिचं माहेर सांगलीकडचं, मी पुण्याचा. लेकीला माहेरी पाठवण्याला तिकडे 'लावून देणं' म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा मी चेष्टा केली होती, "लावून द्यायला ती काय टीव्ही आहे का?" सासूबाईंनी इरकली लुगड्याचा पदर तोंडाशी नेला आणि तिथल्या तिथे परतफेड केली. "तुमच्या पुण्यात टीव्ही लावत्यात पाव्हणं, आमच्यात लेकी." सगळं घर हसलं. मीही हसलो, पण जरा कमी.

त्या कधीही लेकीला थेट 'ये' म्हणाल्या नाहीत. मागायचं ते जावयाकडे, आणि तेही मागितल्यासारखं दिसू न देता. जमलं तर, तुमच्या सवडीनं, घाई न्हाई. त्यांच्या घरात या शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. 'बास, बास' म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पानात जशी आणखी एक भाकरी पडते, तसं ते ऐकायचं असतं. इतक्या वर्षांत मलाही ते ऐकता येत होतं. येत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आम्ही अमेरिकेत, ॲन आर्बरला राहतो. त्या हिवाळ्यात आमचा ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. आमच्यातल्या प्रत्येकाला हा नियम पाठ असतो, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणांत ताटं हातात घेऊन लोक त्यावरच बोलत असतात: प्रवासाचं परवानगीपत्र हातात यायच्या आत देश सोडलात, तर अर्ज सोडून दिलात असं धरतात. आमचा जुना व्हिसा संपला होता आणि पत्रं आली नव्हती. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत हीटर लावून बसलो होतो, तेव्हा मेव्हण्याचा फोन आला. बायकोचा मोठा भाऊ. मीही त्यांना दादाच म्हणतो.

"पाव्हणं, आईचं काय खरं न्हाई. डॉक्टर म्हणाले, भेटायचं ते भेटून घ्या. तिला फोनवर सांगायचं माझ्यानं हुईना. तुम्हीच कसं ते बघा." मग म्हणाले, "थांबा, आईच बोलायचं म्हणतीया."

सासूबाईंचा आवाज फार लांबून आला. "जेवलासा का?" असं आधी विचारलं. मग तब्येतीचं काहीच न बोलता ते वाक्य. मी म्हणालो, "हो आई, बघतो."

तातडीचं कारण दाखवून परवानगी मागता येते हे मला माहीत होतं. मिळेलच याची खात्री नव्हती. आणि नाही मिळाली, तरी ही निघणार, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. मग तिचा अर्ज गेला, पुन्हा पहिल्यापासून रांग, घर घेतलेलं, मुलगी हायस्कूलमध्ये. गाडीची काच वाफेनं पांढरी होईपर्यंत मी तिथे बसून राहिलो. स्वतःला एक फार देखणी सबबही शोधून दिली. मी कोण बायकोला 'लावून' देणारा? आपण असल्या जुन्या गोष्टी मानत नाही. हिला जायचं असेल तर ही आपली आपण जाईल. फक्त जावंसं वाटायला जे कळायला हवं होतं, ते मी खिशात ठेवलं.

घरी आलो तर ती लसूण सोलत होती.

"आईंशी बोललो आज. थकल्यात जरा. पण म्हणाल्या, घाई नाही. पेपर आले की जाऊ आपण."

तिचे हात थांबले. "असं म्हणाली? आपणहून?"

"हो."

"बरं वाटलं बाई," ती म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

दादांना मी दुसऱ्या दिवशी कळवलं, "तिला सगळं सांगितलंय. पण पेपर अडकलेत, तिला निघता येत नाहीये." दादा "बरं" म्हणाले. त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या.

अंत्यविधी तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिला. तिकडे कोणाच्या तरी हातात फोन होता, आणि तो हात हलत होता. लोकांच्या पाठी, चपला, मध्येच आभाळ. मग खांद्यावर मडकं घेतलेले दादा, मडक्याच्या भोकातून पडणारी पाण्याची धार, आणि ते फुटलं तेवढं स्पष्ट दिसलं. कॉल संपल्यावर ती म्हणाली, "तोंडसुद्धा दिसलं नाही रे."

मग ती गप्प झाली. स्वयंपाक करायची, मुलीला शाळेत सोडायची, दुपारी बसनं कुठेतरी जाऊन यायची. एक दिवस म्हणाली, "म्युझियममध्ये एक बाई भेटते मला. आईसारखीच बसलेली असते." मला बरं वाटलं, कोणीतरी मैत्रीण मिळाली म्हणून. शनिवारी तिच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं, ती बाई म्हणजे काचेमागची एक घागर होती.

विद्यापीठाचं संग्रहालय. तिथे पेरूच्या डोंगराळ भागातल्या जुन्या मातीच्या घागरी मांडल्या होत्या, हजार वर्षांहून जुन्या. घागरीची मान म्हणजेच माणसाचा चेहरा. नाक चिमटीनं वर काढलेलं, कान बाहेर आलेले, डोळे काळ्या-पांढऱ्या रंगानं भरलेले, थेट समोर बघणारे. मानेखालचं फुगीर पोट म्हणजे अंग. त्यावर लाल, पिवळट आणि काळ्या रंगात कपडा रंगवलेला, कपड्याला काठ, आणि पोटावर जुळवून ठेवलेले दोन बारके हात. टाळूच्या जागी घागरीचं तोंड, उघडं. मक्याची दारू त्यातून ओतत, मोठ्या जेवणावळींत, असं पाटीवर लिहिलं होतं. हेही लिहिलं होतं की काही ठिकाणी अशी भांडी मुद्दाम फोडून पुरलेली सापडतात. ही घागरसुद्धा तुकडे जोडूनच उभी केलेली होती. गालावरून एक बारीक भेग कानापर्यंत गेली होती.

"आपल्यातही फोडतातच की," बायको म्हणाली. "पण यांच्यात बघ, तोंड करून ठेवायचे आधी."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आईंचं नाक एवढं मोठं नव्हतं."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि मला वाटलं, चला, सावरतेय. आपण गप्प राहिलो तेच बरं झालं.

वसंतात तिनं गावातल्या मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. चाक वापरायचं नाही असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण पेरूच्या त्या कुंभारांकडे चाक नव्हतं. मातीच्या वळ्या करून एकीवर एक चढवायच्या, बोटांनी सांधायच्या, अर्धवट सुकल्यावर गुळगुळीत गोट्यानं घोटायच्या. रंग म्हणजेही रंगीत मातीच, पाण्यात कालवून पातळ केलेली. नखांत माती घेऊन ती घरी यायची आणि जेवताना सांगायची, आज कान पडला, आज गाल बसला. पहिल्या कितीतरी घागरी तिनं मोडून पुन्हा पिंपात टाकल्या. नाक जमलं, कपाळ जमलं, पोटावर इरकलीचा काठ तर हुबेहूब उतरला, पण तोंड जमत नव्हतं. म्हणजे ओठ.

मग एक दिवस जमलं. ते कसं जमलं हे तिनं मला आपणहून सांगितलं. "आई शेवटी काय म्हणाली ते आठवलं. घाई नाही. म्हणजे ती अडकून नव्हती बसली माझ्यासाठी. मग ओठ आपोआप सैल झाले बघ."

त्या घागरीवरचे सासूबाईंचे ओठ मिटलेले आहेत, कोपऱ्यात किंचित वर गेलेले. ते माझ्या वाक्यातून आलेत. त्या बाई तशा गेल्या नाहीत.

वर्गाचं प्रदर्शन झालं तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तिनं बोलावलं होतं. एक काकू, आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये वयानं मोठ्या, घागरीभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, इंजिनिअरची बायको म्हणून आलीस इकडे आणि कुंभारीण झालीस की!"

"होऊ दे काकू. कोणाचं काय अडलंय?"

"अडलं काही नाही गं. आपली म्हण आठवली. कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर यायचीच." आणि माझ्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, "काय रे, हसत का नाहीस? तुझीच बायको आहे ना?"

मी हसलो. माझी मुलगी घागरीसमोर वाकून उभी होती. ती आजीला मोजून तीन-चारदा भेटलेली. "शी लुक्स सो पीसफुल, बाबा," ती म्हणाली. "आजी रिअली अशी होती?"

"होती," मी म्हणालो. आणखी एक खोटं.

त्या वर्षात दुसरंही काही घडत होतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. दादा तिच्याशी तुटक बोलायला लागले. आधी रविवारी सकाळी त्यांचे फोन तासभर चालायचे. पाऊसपाणी, द्राक्षं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. आता तिनं फोन केला की दादा म्हणायचे, "बरं हाय सगळं. वहिनीला देतो." राखी पाठवली तर पोचल्याचा फोन वहिनींनी केला. तिला वाटायचं, आईच्या जाण्यानं दादा मिटून गेलाय. मग वाटायला लागलं, आपलं काहीतरी चुकलं. मला विचारायची, "दादा असा का वागतो रे माझ्याशी?"

कारण मला माहीत होतं. दादांच्या हिशेबी तिला सगळं सांगितलेलं होतं. आई जाते आहे, आईनं बोलावलंय, आणि तरी तिनं कार्ड निवडलं. दादा त्यांच्या घरातल्या रीतीला धरून होते. लेकीनं अशा वेळी आलंच पाहिजे, आणि नाही आली तर तिला तोंडावर बोलायचं नाही, फक्त फोन वहिनीकडे द्यायचा. त्यांच्या घरात न बोलताच बोलतात.

मी म्हणायचो, "दे सोडून. वेळ लागतो माणसाला."

पुढे कार्डं आली. तिनं ती फ्रिजवरच्या डब्यात ठेवली आणि दादांना फोन लावला. "दादा, वर्षश्राद्धाला येतेय मी."

स्पीकरवर होता फोन. दादा म्हणाले, "यायचं तर या. आमचं काय अडलं न्हाई."

दादांनी तिला 'या' म्हटलं. लहान बहिणीला, जिला आयुष्यभर 'ये गं' म्हणत आले, तिला परक्या बाईसारखं 'या'. तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "माझं माहेर आईबरोबरच गेलं म्हणायचं."

तरी तिनं नवी घागर करायला घेतली. दादाकडे ठेवायला, आईच्या फोटोशेजारी. ही आधीच्यापेक्षा लहान, सामानात मावेल अशी. शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. बाहेर बर्फ साफ करणारी गाडी चालली होती. मुलगी अजून उठली नव्हती. घागर अर्धवट सुकलेली, चेहरा झालेला, फक्त ओठ राहिलेले. बारीक लाकडी सुरी हातात घेऊन ती थांबली.

"पहिलीचे ओठ फार सुंदर झाले," ती म्हणाली. "खालचे दात नव्हते ना तिला. तू शेवटचं ऐकलंस. शब्द कसे येत होते? आत ओढल्यासारखे?"

"आठवत नाही."

"आठव ना." मग तिनं स्टीलचं पातेलं उचललं, उलटं धरलं आणि त्यात स्वतःचे ओठ बघत आईच्या आवाजात म्हणाली, "घाई न्हाई." पुन्हा म्हणाली, "घाई न्हाई." हुबेहूब तोच आवाज. मी गाडीत ऐकला होता तो.

"तेवढंच नव्हत्या म्हणाल्या," माझ्या तोंडून निघालं.

तिनं पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, आईचा आणखी एखादा शब्द माझ्याकडे राहून गेलाय आणि तो मी आता देणार आहे. "मग? अजून काय म्हणाली?"

त्या चेहऱ्याकडे बघून सांगणं हे आजवर माझ्याकडून झालेलं सर्वांत कठीण काम होतं. ते एक वर्ष आधी करायला हवं होतं.

"म्हणाल्या, घाई न्हाई, पण तिला लावून द्या."

बर्फाची गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

"लावून द्या म्हणाली?"

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू लसूण सोलत होतीस."

"दादाला माहीत होतं?"

"दादांनीच फोन केला होता. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं मला. तुला कळवा म्हणाले." मला थांबावंसं वाटत होतं, पण अर्धं ठेवायची सवय तिथेच मोडायला हवी होती. "मी त्यांना सांगितलं, तिला सगळं कळवलंय, पण तिला निघता येत नाहीये."

"म्हणजे दादाला वाटतं, मला माहीत होतं."

"हो."

"सगळं माहीत असून मी आले नाही."

"हो."

ती ओरडली नाही. सुरी वर्तमानपत्रावर ठेवली. माती सुकू नये म्हणून घागरीवर घालायची प्लास्टिकची पिशवी घेतली आणि आईचा चेहरा झाकला. सिंकपाशी जाऊन हात धुतले, पाणी स्वच्छ यायला लागलं तरी धूतच राहिली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी गेले असते."

"माहीत होतं मला."

"कार्ड गेलं असतं तरी."

"तेही माहीत होतं. म्हणूनच तर..."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तू तिच्या बोलीला हसायचास ना रे? लावून द्या म्हणजे टीव्ही का म्हणून. तुला कळत होतं सगळं."

"कळत होतं."

"मी तिचं तोंड खोटं केलं. दोनदा केलं."

मी तिच्याजवळ गेलो. माफीचा शब्द माझ्या ओठांवर होता. तिनं ओला हात मधे धरला.

"माझी माफी आत्ता मागू नकोस. मला ऐकवणार नाही. तू मागशील, रडशील, आणि मग मीच तुला पाणी देईन. आधी दादाला फोन लाव."

"आत्ता?"

"तिकडे संध्याकाळ आहे. घरी असेल तो."

मी फोन लावला आणि टेबलावर ठेवला. वाजत होता तोपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो, कुठून सुरुवात करावी, कागदांची अडचण आधी सांगावी का. ती समोरच्या खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे पाहिलं आणि अडचण सांगायची नाही एवढं ठरवलं.

"बोला पाव्हणं," दादा म्हणाले. मागे कुकरची शिट्टी झाली.

"दादा, फोन स्पीकरवर आहे. ती इथेच बसली आहे."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग, "बरं. काय काम काढलं?"

"दादा, आई मला म्हणाल्या होत्या तिला लावून द्या. तुम्ही शेजारीच होता. ते मी तिला कधीच सांगितलं नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. तिला मी म्हटलं, घाई नाही. आणि तुम्हाला म्हटलं, तिला सगळं सांगितलंय. दोन्ही खोटं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं, दादा. माहीत असतं तर ती सगळं टाकून आली असती, म्हणून तर मी लपवलं. तुम्ही वर्षभर तिचं जे चुकलं असं धरलंत ते तिचं नाही, माझं आहे. आईंची माफी मागायला मला आता कोणी नाही. तिची मागायची मला अजून परवानगी नाही. तुमची मागतो. तुमची बहीण तुमच्यापासून मी तोडली. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."